पुढच्या क्रूझचं बुकिंग जहाजावरच!
आज संध्याकाळी दांडिया बाजारात आत्याकडे गेले होते. आत्या आणि काका सिंगापूरची क्रूझ करून नुकतेच बडोद्याला परतलेत, आणि पुढची क्रूझ जहाजावरच बुक करून आलेत! मला फार कौतुक वाटलं.

रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर यासाठी 'नेक्स्टक्रूझ'चं काउंटर असतं. तिथे बुकिंग केलं की ऑनबोर्ड क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढच्या वेळी जहाजावर खर्चायला रक्कम. ती किती, हे क्रूझ किती रात्रींची आणि केबिन कोणती यावर ठरतं. प्रिन्सेस या दुसऱ्या क्रूझ कंपनीकडे माणशी 100 डॉलर भरून ठेवायचे, जहाज आणि तारीख नंतर ठरवायची. आत्याच्या वयाच्या माणसांना मला हीच सोय जास्त मोलाची वाटते. तब्येत, नातवंडांच्या परीक्षा, सगळं बघून ठरवता येतं.

मात्र डिपॉझिट परत मिळतं का, हे आधी नक्की विचारा. स्वस्त भाड्यात बरेचदा मिळत नाही. बुकिंग आपल्या नेहमीच्या एजंटकडे वर्ग करता येतं, पण ठरावीक मुदतीतच. त्याची स्वतःची काही सवलत असेल तर तीही पदरात पडू शकते.

शेवटच्या दिवशी काउंटरवर गर्दी उसळते. आत्या क्रूझच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी जाऊन निवांत बसली, सगळे प्रश्न विचारले. जाणार असाल तर तसंच करा.