तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा नाही, तरी घोड्यांच्या शिबिरात?

"तुमच्याकडे एकही घोडा नाही, राहता घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर, मग त्या घोड्यांच्या नेतृत्व शिबिरात तुम्ही करता तरी काय?" ऑफिसात, सोसायटीत, लग्नाकार्यात इतक्या जणांनी हे विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

देशी घोड्यांच्या जातींवर जीव असलेल्या लोकांची एक संघटना आहे. हा अभ्यासक्रम तिचा. काही सत्रं ऑनलाइन, बाकीची शनिवार-रविवारी प्रत्यक्ष जनावरांजवळ. घोडेस्वारी त्यात शिकवत नाहीत. वंशावळ कशी लिहायची, सभा कशी चालवायची, पशुसंवर्धन खात्याशी पत्रव्यवहार कसा करायचा आणि एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन घोडेमालकांना एका सतरंजीवर कसं बसवायचं, हे शिकवतात. शेवटचं सगळ्यात अवघड. मी एका पतसंस्थेत हिशेब तपासते, त्यामुळे कागदाची भीती नाही. माझी निवड त्यावरच झाली असावी.

परदेशात हे नवं नाही. अमेरिकेत क्वार्टर हॉर्स या एका जातीची संघटना १९४० मध्ये निघाली. आजवर तिथे साठ लाखांहून जास्त घोड्यांची नोंद झाली आहे. तिची मुलांसाठी वेगळी युवा संघटना आहे आणि तिचे पदाधिकारी मुलांमधूनच निवडले जातात. आपल्याकडे घोड्यावर प्रेम करणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो वही घेऊन बसणाऱ्यांचा. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये ती ३.४ लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच शिंगरू देते. एवढी घसरण भरून यायला किती काळ लागेल याचा हिशेब मी मनात अनेकदा मांडते आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ होते.

माझा जीव जडलाय तो भीमथडीवर. भीमेच्या काठचा, बुटका, काटक, मराठ्यांच्या फौजांना दूरदूर नेऊन आणणारा हा घोडा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तो आता स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेलाय. अशी नोंद नुसत्या अभिमानावर होत नाही. उंची, छातीचा घेर, कान, रंग, वापर, वावर हे सगळं पुष्कळ जनावरांचं मोजून, लिहून मांडावं लागतं. हे मोजायचं कुठे? किल्ल्यावर नाही आणि रेसकोर्सवरही नाही. मेंढपाळ धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्या घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या तळावर. पाऊस संपला, दिवाळी झाली की घाटावरचे किती तरी वाडे कोकणात उतरतात. नवी मुंबईच्या टॉवरांपासून फार लांब नाही, पनवेल-पेणच्या बाजूला कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या बसतात. खाचराच्या मालकाला खत मिळतं, वाड्याला चारा. आणि शेजारी दावणीला असतात तीच घोडी, ज्यांच्या पाठीवर अख्खा संसार आलेला असतो: पालं, भांडी, जाळ्या, नुकती जन्मलेली कोकरं.

आमचा प्रत्यक्ष सराव अशाच एका वाड्यावर होता. घोड्याची ओळखपत्रिका भरायची होती. कागदावर घोड्याची डावी बाजू, उजवी बाजू, तोंड आणि पाय यांची रेखाचित्रं छापलेली असतात. त्यावर पांढरे पट्टे, पायांचं पांढरं आणि भोवरे जिथल्या तिथे दाखवायचे. आपल्याकडे बाजारात भोवरा बघतात तो शुभ-अशुभ ठरवायला. अमुक जागी भोवरा असला की चांगल्या घोडीचीही किंमत पडते. नोंदवहीत तोच भोवरा ओळखीची खूण असतो, कारण त्याची जागा जन्मभर बदलत नाही. अशुभ म्हणून ज्याला दहा गिऱ्हाइकांनी नाकारलं, त्याच भोवऱ्याने ती घोडी हरवली तर सापडू शकते. मला हे फार मोलाचं वाटतं. अंधश्रद्धेवर भाषण देऊन जे होत नाही, ते एक कागद भरताना सहज होऊन जातं.

तिथेच आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते नेतृत्व म्हणतात ते इथेच सुरू होतं. आम्ही घोड्यांची माहिती विचारत होतो त्या वाड्यावरच्या आप्पांना, कारण फॉर्मवर "मालकाचं नाव" असा रकाना होता. आप्पा दर वेळी मागे वळून विचारत, "काय गं, ही कुणाची?" उत्तर द्यायच्या त्यांच्या सूनबाई. पुरुष मेंढ्यांमागे रानात असतात. पाल उठवणं, घोड्यांवर सामान लादणं, मुक्काम हलवणं हे बायकांचं काम. कुठल्या घोडीला कुठलं शिंगरू कधी झालं, तिची आई कोण, आजी कोण, कोण पाठीला हळवी, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मग मी फॉर्ममध्ये आणखी एक रकाना सुचवला: "माहिती देणाऱ्याचं नाव". संघटनेने तो घेतला. आयाळीचे मुळासकट उपटलेले केस पाकिटात घालून डीएनए तपासता येतो, मानेत डाव्या बाजूला मायक्रोचिप बसवता येते. पण जिथे सुरुवातच चुकीच्या माणसाला विचारून होते, तिथे चिपचा काय उपयोग? त्या बाईंचं नाव कागदावर आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

आता ठाण्यातलं काम. इथले घोडे म्हणजे मुख्यतः वरातीचे. त्यांच्या मालकांना सगळ्यात मोठी धास्ती ग्लँडर्सची. हा रोग माणसालाही होऊ शकतो, त्यावर लस नाही, आणि रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली तर कायद्याने जनावर मारावं लागतं. सरकारी भरपाई आहे, पण लग्नसराईत जनावरच गेलं तर घर बसतं. म्हणून लोक तपासणी टाळतात. त्यांना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, मी ते म्हणणार नाही. तपासणीच्या आधी भरपाईचे कागद समजावून सांगणारं कुणी त्यांच्या दारात गेलेलं नसतं. आम्ही जातो. सरकारी डॉक्टर येण्याआधी आम्ही दोघंतिघं जाऊन बसतो, चहा घेतो, धनुर्वाताची लस कधी दिली ते लिहितो आणि वाईटात वाईट काय होऊ शकतं ते न लपवता सांगतो. दोन तबेले असे आहेत, जिथे आता मालक स्वतःहून तपासणीची तारीख विचारतात.

माझा घोडा नाही, हे या कामात उलट बरं पडतं. माझा नर विकायचा नसतो, माझ्या घोडीला बक्षीस नको असतं, त्यामुळे दोन्ही बाजू माझ्याशी मोकळं बोलतात.

विचारणाऱ्यांपैकी काहींना स्वतःलाच यायचं असतं, हे मला कळलंय. त्यांनी फॉर्म नंतर भरावा. मार्गशीर्षात आधी सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन या. एकमुखी दत्ताचं देऊळ, तापीचा काठ, दत्तजयंतीपासून भरणारा घोडेबाजार. दोंडाईचा स्टेशनावरून जवळ पडतं. वेळ असेल तर पुढे नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्राही गाठा. घोड्याच्या मागून जाऊ नका, मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका. खिशात वही ठेवा. किंमत सगळेच विचारतात, तुम्ही घोडीची आई कोणती ते विचारा, आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून घ्या. अशी काही पानं भरली की मला फोन करा, पुढची तुकडी कधी आहे ते सांगते.