गॅलरीत सोलो शो: चित्रं पास, नोट नापास (माझा अनुभव)

नवरा चित्रकार आहे, महाभारतावर चित्रं काढतो, आणि कागदपत्रं नेहमी माझ्या गळ्यात. यंदा पुण्यातल्या एका खासगी गॅलरीत, म्हणजे ती कंटेम्पररी वगैरे म्हणतात तसली, सोलो शो मिळाला. नाव लिहीत नाही, पुढेमागे परत जायचंय तिथे. पोर्टफोलिओ आवडला, तारखा मिळाल्या, कमिशन ठरलं. मग मागितली कन्सेप्ट नोट, म्हणजे चित्रांमागचा विचार सांगणारं टिपण, आणि तिथे जे अडकलो ते अडकलोच.

पहिली नोट साधी होती. कुठलं चित्र कुठल्या प्रसंगाचं, रंग असे सपाट का (केळकर म्युझियममधली पैठण शैलीची चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं, बघून त्याला ते सुचलं). मॅनेजर साहेबांचं उत्तर आलं, "छान आहे, पण समकालीन वाटत नाही. थोडं कॅलेंडर टाइप होतंय." आता कॅलेंडर म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अहो, देवादिकांची चित्रं छापून घरोघरी पोचवणारा राजा रवी वर्मांचा छापखाना नंतर आपल्या मळवलीलाच होता, लोणावळा लोकलवर, जर्मनीहून मशीन आणि कारागीर आणले होते त्यांनी, त्या काळी यापेक्षा समकालीन काय असणार! पण तारखा हातात होत्या, गप्प बसले.

मग 'स्मृती', 'अवकाश', 'विस्थापन' असले शब्द पेरून पाठवलं तर म्हणे फार जड झालं. मग छोटी करा, मग इंग्रजीतही द्या, मग परत जरा वाढवा. मेल टाकला की शांतता, फोन केला की "सर मीटिंगमध्ये आहेत".

आणि एवढं झाल्यावर सगळ्यात मोठ्या कॅनव्हासवर बोट ठेवलं. त्यात व्यास एकटेच बसून सांगतायत, समोर लिहून घेणारं कोणीच नाही. "गणपती कुठाय? पुणं आहे हे, लोक ऑब्जेक्शन घेतील." म्हणजे आधी पुराणातलं म्हणून नको आणि आता त्यात देव नाही म्हणून नको. वर चित्रांमुळे कोणाच्या भावना दुखावणार नाहीत असं हमीपत्र स्टॅम्प पेपरवर (शंभरचा घेऊन जाऊ नका, आता पाचशेचा लागतो). नवरा म्हणाला, कोपऱ्यात एक उंदीर काढतो आणि विषय संपवतो. मी म्हटलं, ब्रशला हात लावायचा नाही.

मग मी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ला सुरू झालेलं काम १९६६ ला पुरं झालं, १२५९ हस्तलिखितं ताडून बघितली त्यासाठी, आणि त्यातल्या आदिपर्वात, जे सुखठणकरांनी संपादित केलं, गणपती लेखनिक झाल्याची गोष्ट मूळ संहितेत नाहीच. काही हस्तलिखितांत ती सापडतच नाही म्हणून मागे परिशिष्टात टाकलीय. त्या पानाचा फोटो काढला, मेलला जोडला आणि खाली लिहिलं की हा निवाडा पुण्यातच लॉ कॉलेज रोडला झालेला आहे, हवं तर जाऊन बघून या. दुसऱ्या दिवशी 'ओके, फायनल'. इतके दिवस माझे शब्द चालत नव्हते, पान नंबर टाकल्याबरोबर चालले!

तर पौराणिक विषय असेल तर प्रत्येक चित्राखाली पर्व, अध्याय, कुठली आवृत्ती हे आधीच लिहून ठेवा, कोणी विचारायच्या आत. आणि नोटमध्ये काय बदलायचं ते फोनवर ऐकून घेऊ नका, मेलवरच मागा, नाहीतर आज जे काढायला लावलं तेच पुढच्या आठवड्यात परत टाकायला लावतात. हां, तारखा घेताना गॅलरी पेठेत असेल तर गणपतीचे दिवस सोडा, टेम्पो आत येत नाही.

फ्रेमिंग, छपाई, चित्रं टांगणं, सगळं झालं नीट. उद्घाटनाला हेच साहेब पाहुण्यांना व्यासांपुढे उभं करून "ॲक्च्युअली क्रिटिकल एडिशनमध्ये गणपती नाहीये" असं समजावत होते आणि मी शेजारी चहाचा कप घेऊन उभी! एका आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते बरोबर आहे हो, पण असता तर बरं झालं असतं."

अजून एक राहिलं, कमिशन फ्रेमसकट किमतीवर धरणार की फ्रेम वगळून हे सुरुवातीलाच लेखी घ्या. आम्ही घेतलं होतं, त्यामुळे हिशेबाच्या वेळी साहेबांना मीटिंगमध्ये जाता आलं नाही.