सीट दोन बोटं वर

रविवार, रात्र

डाव्या गुडघ्याखाली उशी घेऊन लिहितोय. गेले तीन आठवडे हा गुडघा पुढून, वाटीपाशी दुखायचा. आज मागून, लवणीत दुखतोय. दुखणं गेलं नाही, नुसतं घर बदललं.

वाटी दुखायची ती सायकलची सीट खाली होती म्हणून. दुकानातल्या मुलाने दोन्ही पाय टेकतील अशी लावून दिली आणि मलाही ते आवडलं. दांड्याखालून पाय घालून बाबांची काळी सायकल शिकलेल्याला जमिनीला पाय लागणं हीच चैन! पण पेडल तळाला गेलं तरी गुडघा दुमडलेलाच राहायचा आणि चढाला सगळा ताण वाटीवर यायचा.

काल रात्री भिंतीला पाठ लावून, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर दाबून जमिनीपासून तिथपर्यंत पायाचं आतून माप घेतलं. 80 सेंटिमीटर. त्याला 0.883 ने गुणायचं, हे अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे गाजलेलं सूत्र. उत्तर आलं 70.6. क्रँकच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. माझं होतं 67. झालं, एका रात्रीत दोन बोटं वर घेतली आणि सकाळी थेट पुण्याजवळचा बोपदेव घाट. माणसाने पाच-पाच मिलिमीटरने सरकावं, पण धीर कुणाला?

अर्ध्या घाटातच कंबर डावी-उजवी डुलायला लागली, पाय पेडल शोधत खाली ताणला जायचा. शिवाय सीटचा पाइप तिरका, त्यामुळे सीट वर गेली की मागेही जाते. माझी सेंटिमीटरभर गेली असणार. हँडल लांब पडलं, सासवड येईपर्यंत तळहात बधिर.

चहाच्या टपरीसमोर ॲलन की, सीट सैल करायची षटकोनी किल्ली, काढली. सीट एक सेंटिमीटर खाली, तेवढीच पुढे. टाच पेडलवर ठेवून पाय तळाला नेला, तेव्हा जेमतेम सरळ झाला. सूत्रापेक्षा माझा ह्या टाचेवर जास्त विश्वास. परत येताना कंबर गप्प होती.

घरी आल्यावर सीटच्या दांड्याला टेपच्या दोन खुणा केल्या. वरची घाटाची, खालची, सेंटिमीटरभर कमी, ऑफिसची, कारण शहरात दर दोन मिनिटांनी पाय टेकावा लागतो. डिसेंबरात 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे, साडेतेरा तासांची मुदत. तेव्हा सीटला हात लावणार नाही, स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, उलटी करून हँडलच वर घेईन.

उद्या ऑफिस. सीट अजून वरच्याच खुणेवर आहे आणि ॲलन की बहुतेक टपरीवरच राहिली.