अर्धा दिवस रजा आणि एक सही

आज अर्धी रजा टाकून पोरीच्या शाळेत गेलो, पालक मीटिंग ११ ची, सुरू झाली साडेबाराला. पहिली ते पाचवी ५२ पोरं आणि गुरुजी एकच, दुसऱ्या बाईंची बदली झाली ती जागा जूनपासून रिकामीच. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, त्यात ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक पाहिजेत असं स्पष्ट लिहिलंय. त्यात हे गुरुजी पण कधी मतदार यादीत, कधी ऑनलाइन माहिती भरण्यात, त्यांच्यावर तरी किती चिडायचं, माणूस चांगलाय ओ.

मग आम्ही चौघं पावसात भिजत तालुक्याच्या ऑफिसात. साहेब साताऱ्याला मीटिंगला. क्लार्क म्हणे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणा. म्हटलं ठराव ऑगस्टमध्येच दिलाय, तर म्हणे त्यावर जावक नंबर नाही! समितीत ७५ टक्के पालक असतात म्हणे, पण आमचं काम सह्या करण्यापुरतंच.

कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली तो हाच सातारा जिल्हा, आणि आम्ही एका बाईसाठी हेलपाटे घालतोय. येताना पोरगी विचारते, पप्पा नवीन बाई उद्या येणार का? वडापाव घेऊन दिला आणि विषय बदलला. सोमवारी परत जायचंय, कोण येतंय सांगा.