लाल दोरी जमिनीपर्यंत हवी

ब्रिटनमध्ये सार्वजनिक इमारतींत अपंगांसाठी जे स्वच्छतागृह असतं, त्यात छतापासून एक लाल दोरी लोंबत असते. आत कुणी पडलं तर ती ओढायची, बाहेर घंटा वाजते. दोरीला दोन लाल कड्या असतात. एक साधारण कमरेच्या उंचीवर आणि दुसरी जमिनीपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथपर्यंतच पोचतो. आणि अनेक ठिकाणी ही दोरी कुणीतरी गुंडाळून, गाठ मारून वर अडकवून ठेवतं. फरशी पुसताना मध्ये येते म्हणून.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपच्या एकदिवसीय परिषदेसाठी ब्रिस्टलमध्ये हॉल बघत फिरताना मला हे कळलं. पुण्यात मीटअपची जागा ठरवताना आम्ही प्रोजेक्टर, वायफाय, पार्किंग आणि चहा एवढं बघायचो. इथे आमच्याबरोबर ग्रुपच्या एक जुन्या कार्यकर्त्या होत्या, त्या व्हीलचेअर वापरतात. हॉलच्या माहितीपत्रकात लिफ्ट, रॅम्प, सगळं छापलेलं होतं. बाई हॉलकडे न बघता थेट स्वच्छतागृहात गेल्या, बसल्या जागेवरून हात लांब करून दोरीची गाठ सोडवायला लागल्या. गाठ जुनी, घट्ट बसलेली. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाल्या. दोरी जमिनीपर्यंत आल्यावर त्यांनी पिशवीतून एक छोटं कार्ड काढून तिला अडकवलं. ही दोरी बांधून ठेवू नका, मोकळी सोडा, असं त्यावर लिहिलेलं. युअन्स गाइड नावाची एक संस्था अशी कार्डं लोकांना देते. बाईंच्या पिशवीत त्यांचा गठ्ठाच होता. जातील तिथे त्या आधी दोरी बघतात. मी तेव्हापासून ऑफिसात, मॉलमध्ये, स्टेशनवर तेच करतो.

मग त्या हॉलमध्ये आल्या आणि त्यांनी स्टेज बघितलं. तीन पायऱ्या, रॅम्प नाही. “ऐकायला मी येऊ शकते, बोलायला नाही,” एवढंच म्हणाल्या. व्यवस्थापक अगदी भला माणूस होता, त्याने लगेच सांगितलं, आमची दोन माणसं तुम्हाला खुर्चीसकट वर ठेवतील. बाई शांतपणे म्हणाल्या, “माझी खुर्ची कुणी उचललेली मला चालत नाही.” भाडं परवडणारं होतं, जागा छान होती, तरी आम्ही तो हॉल सोडला.

खुर्ची उचलण्याबद्दलचं बाईंचं वाक्य मला लागलं, कारण आपल्याकडचं उत्तर तेच असतं. “अरे, आपण आहोत ना, उचलून घेऊ!” आणि ते मनापासून असतं. वारीच्या वाटेवर ओळखदेख नसलेल्या माणसाचे पाय चेपून देणारे लोक आपले आहेत. मांडवात आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारे कार्यकर्ते आपले आहेत. परतीच्या गाडीत एकाने मला विचारलं, भारतात अशा सोयी असतात का. मी तावातावाने सांगितलं की २०१६ चा आमचा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारचं अपंगत्व मान्य करतो, तुमचा समानता कायदा २०१० चा, म्हणजे आम्ही फार मागे नाही. सांगितलं ते खरंच होतं. पण पुण्यातल्या आमच्या मीटअपला येणाऱ्यांत व्हीलचेअरवाला कुणीच का नसायचा, हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि मीही काढला नाही.

दुसरी गोष्ट कॅप्शनची. इथल्या पायकॉन यूकेसारख्या पायथनवाल्यांच्या परिषदांत वक्ता बोलत असतानाच पडद्यावर त्याचे शब्द उमटतात. एक माणूस स्टेनोच्या यंत्रावर एकाच वेळी अनेक कळा दाबून आख्खी अक्षरं, आख्खे शब्द टाइप करतो, मिनिटाला दोनशेच्या वर. आमच्या परिषदेसाठी नेमलेल्या कॅप्शनरने आठवडाभर आधीच वक्त्यांची नावं आणि भाषणांत येणाऱ्या लायब्ररींची, म्हणजे तयार कोडच्या संचांची, यादी मागवून घेतली. ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेली ही सोय, पण स्कॉटिश उच्चार चालू झाले की मी स्वतः पडद्याकडेच बघत होतो.

आता आपली बाजू. पुण्याच्या मीटअपमध्ये वक्ता इंग्रजीत सुरू करतो, हिंदीत जातो आणि मराठीत समजावतो. लातूरहून आलेला डिप्लोमाचा मुलगा त्यामुळेच तर प्रश्न विचारायला उठतो. प्रवेश फुकट, जागा एखाद्या कंपनीची, शनिवार सकाळ. इथे दर महिन्याची भेट संध्याकाळी पबमध्ये, पिझ्झा आणि बिअर. दारू न पिणारे, घरी लहान मूल असलेले, यांना ती बंदच. हे मी बैठकीत बोललो. आता एक आड एक भेट ग्रंथालयाच्या खोलीत होते. शाकाहारी सँडविच मात्र अजूनही सगळे आधी संपवतात आणि शाकाहारी माणूस हात हलवत परततो. नोंदणीच्या फॉर्मवर आहाराचा रकाना भरून घेतात, मग त्या नावाने डबे वेगळे ठेवायला काय हरकत आहे? आपल्याकडे लग्नात जैन पंगतीची चौकशी आधी होते.

आणि व्हिसा. आमच्या परिषदेसाठी नाशिकच्या एका मुलीचं भाषण निवडलं गेलं होतं. परिषदेने तिकीट आणि राहणं देऊ केलं. व्हिसा नाकारला गेला, फी परत मिळत नाही. तिने शेवटी घरून, ऑनलाइन बोलून भाषण केलं, आणि ते त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं. रॅम्पची लांबी मोजणारे आमचे आयोजक व्हिसा कचेरीच्या दारात काही करू शकत नाहीत, हे मला कळतं, तरी राग येतोच. पुढच्या वर्षीपासून आम्ही परदेशी वक्त्यांची निवड बरीच आधी कळवणार आहोत, आणि व्हिसाच्या फीसाठी वेगळा निधी काढला आहे.

पुण्यातल्या मित्रांनो, तुमच्या पुढच्या मीटअपच्या नोंदणीत एक रकाना टाका: “तुम्हाला येण्यासाठी काही सोय लागेल का?” आणि ज्या ऑडिटोरियममध्ये तुम्ही भेटता, त्याच्या स्टेजला पायऱ्या किती, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद, ते टेपने मोजून जाहिरातीतच लिहा. रॅम्प नसेल तर नाही म्हणून लिहा. मी डिसेंबरमध्ये येतोय, टेप घेऊन येईन.