डाग नसलेलं झाड

"करपा आलाय मॅडम, सगळंच उपटून टाकतो," काका फोनवर म्हणाले. मी येईपर्यंत एकाही झाडाला हात लावू नका, असं बजावून निघाले. रोपांच्या आजारांवर सल्ला देण्याच्या कामात असे फोन नेहमीचेच, आणि करप्याची धास्तीही उगाच नाही. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर पडला आणि पुढच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं दगावली, तो उशिरा येणारा करपा. थंड, दमट हवा मिळाली की तो बघता बघता अख्खा वाफा काळा करतो.

परसात बटाट्याच्या दोन सऱ्या होत्या. खालच्या पानांवर तपकिरी डाग दिसले. पान उलटं करून भिंग लावलं. उशिरा येणाऱ्या करप्याचे डाग ओलसर, पसरट असतात, कडेला फिकट हिरवी किनार असते आणि दमट हवेत पानाच्या पाठीमागे पांढरी लव धरते. इथे लव नव्हती. डाग कोरडे, आत एकात एक कडी, शिरांपाशी अडलेले. वरची कोवळी पानं स्वच्छ. म्हणजे लवकर येणारा करपा. डागाळलेली पानं काढा, पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या, इतकंच सांगितलं. घरच्या वाफ्यात बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

काका खूश झाले. माझं लक्ष मात्र सरीच्या वरच्या टोकाकडे होतं. तिथल्या झाडावर एकही डाग नव्हता, पाला हिरवागार, पण मान टाकलेली.

"त्याला पाणी पुरत नाही," काका म्हणाले. "दुपारी सुकतं, सकाळी परत टवटवीत. म्हणून रोज जास्तीचं घालतो."

मातीत बोट घातलं, माती चिंब होती. चिंब मातीत हिरवं झाड सुकत असेल, तर पाणी वाढवणं सोडून बाकी सगळं तपासावं. बुंधा काळा, बुळबुळीत असता, सडका वास आला असता, तर ब्लॅकलेग म्हटलं असतं. तसं काहीच नव्हतं. काकूंकडून काचेचा पेला मागवला, खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्यात धरला आणि हात अजिबात हलवला नाही. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधट धागे खाली उतरू लागले.

जिवाणूजन्य मर. राल्स्टोनिया नावाचे जिवाणू खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत माजतात आणि त्या चोंदतात, मग वरून कितीही पाणी घाला. बुरशीमुळे येणाऱ्या मरीत असे धागे सुटत नाहीत. झाड काढून एक बटाटा कापला: सालीच्या आत तपकिरी कडं, आणि दाबल्यावर त्यातून चिकट, पांढुरका स्राव.

बियाणं विचारलं तर स्वयंपाकघरातले कोंब फुटलेले बटाटे निघाले. वरून निरोगी दिसणाऱ्या बटाट्यातही हा जिवाणू दडून येतो. मातीत आधीपासून असणंही शक्य होतं, पण माझा संशय बटाट्यांवरच. मला खरा घोर लागला तो उताराचा. त्या झाडाला रोज घातलेलं जास्तीचं पाणी सरीतून खालच्या झाडांकडे जात होतं.

यावर फवारायला औषध नाही. झाड, त्याचे सगळे बटाटे आणि मुळांभोवतीची माती पिशवीत भरली. कंपोस्टच्या ढिगात यातलं काही टाकायचं नाही, हे काकांना दोनदा सांगितलं, कारण त्यांची नजर तिकडेच होती. खुरपं धुतलं, सरीत आडवा बांध घातला.

"बाकीचे खायचे का?" काकूंनी विचारलं.

खुशाल खा, माणसाला तो जिवाणू लागत नाही. फक्त पुढच्या लागवडीसाठी एकही ठेवू नका. आणि त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची नको, त्यांनाही हाच रोग होतो. काही वर्षं मका घ्या.

काका जरा वेळ गप्प राहिले. "म्हणजे सगळं उपटतो म्हणालो होतो, तेच बरोबर होतं की!"

"लगतची तेवढी उपटा. बाकीच्यांवर दुपारी नजर ठेवा. एखाद्याने मान टाकली, तर पाणी घालायच्या आधी पेला आणा."