लंडनच्या कपाटांवरचं शेवाळ

साउथ केन्सिंग्टनला उतरलं की रस्त्यावर यायचीही गरज नाही. स्टेशनातूनच एक लांब बोगदा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे नेतो. पाऊस होता, त्यामुळे बोगद्यात शाळेच्या मुलांची झुंबड. भाचीला दागिन्यांचं दालन बघायचं होतं. "मावशी, एवढ्या लांब येऊन तू कपाटं बघणार?" मी हो म्हटलं. ती आली माझ्याबरोबर, पण तोंडाचा चंबू करून.

मला बघायचं होतं ते 'सीवीड मार्केट्री' नावाचं काम. मार्केट्री म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे जोडून केलेली नक्षी, आणि सीवीड म्हणजे समुद्रातलं शेवाळ. यात समुद्रातलं काहीच वापरलेलं नसतं. विनियरमधून, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांतून कापलेली, एकमेकींत गुरफटलेली वेलबुट्टी इतकी बारीक, की लांबून पाण्यात पसरलेलं शेवाळ वाटावं. इंग्लंडमध्ये ही हौस साधारण १६९० ते १७१० या काळात भरात होती. तिसरा विल्यम आणि मेरी गादीवर होते, त्यांच्यानंतर राणी अ‍ॅन. (त्यातली पहिली काही वर्षं आपले राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. संग्रहालयात फिरताना मला असली तारखांची जुळवाजुळव केल्याशिवाय चैन पडत नाही.)

ब्रिटिश दालनांत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, आणि या कामासाठी तो ठेवायलाच हवा. अक्रोडाचं लाकूड उन्हाने फिकट होत जातं आणि हॉलीचं पांढरं लाकूड वर्षं जातील तसं पिवळं पडतं. त्यामुळे आज आपण मधासारख्या जमिनीवर सोनेरी वेल बघतो आणि 'किती सौम्य' म्हणतो. करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र गडद तपकिरीवर जवळजवळ पांढरी, ठसठशीत नक्षी होती. हे कळल्यावर मी प्रत्येक वस्तूपुढे उभी राहून मनातल्या मनात ते रंग चढवत राहिले.

याआधीच्या पिढीत फुलांच्या मार्केट्रीची चलती होती. ट्यूलिप, कार्नेशन, पक्षी. पानांसाठी हिरवं रंगवलेलं हाड, जाईच्या पाकळ्यांना हस्तिदंत. गोलाई दिसावी म्हणून लाकडाचे तुकडे तापलेल्या वाळूत खुपसून त्यांच्या कडा करपवत. सीवीडवाल्यांनी हे सगळं सोडून दिलं. दोनच लाकडं घेतली आणि सगळा भार करवतीवर टाकला. मला हाच भाग सर्वांत आवडला.

काम कसं होतं ते समजून घ्यायला वरच्या मजल्यावरचं फर्निचरचं दालन बघा. २०१२ साली उघडलेलं हे दालन राजेरजवाड्यांच्या क्रमाने लावलेलं नाही, लाकूड कसं कापलं, वाकवलं, चिकटवलं यावर मांडलेलं आहे. मार्केट्रीत गडद आणि फिकट विनियर एकावर एक ठेवून गठ्ठा करायचा. तेव्हा विनियर हातकरवतीने चिरलेलं, दीड-दोन मिलिमीटर जाडीचं. वर नक्षीचा कागद. तीच नक्षी पुन्हा हवी असेल तर रेघेवर सुईने भोकं पाडलेला खाका ठेवायचा आणि त्यावरून पूड फिरवायची, आपल्याकडे रांगोळीचे ठिपके पाडायला उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असतो तसा. मग केसासारख्या पात्याच्या करवतीने सगळे थर एकदम कापायचे. गडदमधून निघालेला तुकडा फिकटात बसतो, फिकटातला गडदमध्ये. म्हणजे एका कापणीत दोन पट तयार: एकात काळोखावर उजेड, दुसऱ्यात उजेडावर काळोख. थर वाढवून ते पुस्तकासारखे उघडले की डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी जुळते. मग सगळा पट ओक किंवा पाइनच्या सांगाड्यावर गरम सरसाने चिकटवायचा. पात्याने खाल्लेली फट भरून काढावी लागते. पाचशे वळणांच्या वेलीत ती फट जाड दिसली तर सगळंच गबाळं.

भाचीने इथे पहिल्यांदा प्रश्न विचारला, "म्हणजे वाया काहीच जात नाही?" भुसा सोडला तर काही नाही.

ही कला इंग्लंडची एकट्याची नव्हती. विल्यम हॉलंडमधून आला आणि त्याच्या दरबाराबरोबर डच आवडीही आल्या. १६८५ मध्ये फ्रान्सने तिथल्या प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारा नांतचा फतवा रद्द केल्यावर ह्यूगनॉ, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, कारागीर पळून आले, तेही हुन्नर घेऊनच. दरबाराला फर्निचर पुरवणाऱ्यांत गेरिट जेन्सन हे मोठं नाव. लाकडाबरोबर धातूचीही मार्केट्री त्याने केली.

टेबलाच्या पृष्ठभागावर हे काम मला जरा थकवतं, खरं सांगायचं तर. डोळा टेकायला जागाच उरत नाही. पण उभ्या घड्याळाच्या अरुंद दारावर ते शोभतं. १६७० च्या सुमारास अँकर एस्केपमेंट (लंबकाच्या लयीत चाकं एकेक दात पुढे सोडणारी खटकी) आलं आणि सेकंदाचा लंबक, म्हणजे जवळजवळ एक मीटरचा, घड्याळात बसू लागला. त्यासाठी उंच लाकडी पेटी हवी. तिला दार हवं. आणि ते दार बैठकीत सगळ्यांच्या नजरेसमोर. बारीक वेलींना अशी लांबट चौकट मिळाल्यावर त्या वर चढत गेल्यासारख्या दिसतात. शेजारच्या सायन्स म्युझियममध्ये घड्याळजींच्या संघटनेचा जुना संग्रह आहे, तिथेही वेळ काढा. बहुतेक लोक तिथे तबकड्या आणि चाकं बघतात. तुम्ही थोडं खाली, लाकडाकडे बघा.

फॅशन लवकर ओसरली. लोकांना अक्रोडाच्या गाठीचं नैसर्गिक चित्र पुरेसं वाटू लागलं. १७०९ च्या कडाक्याच्या थंडीत युरोपात अक्रोडाची झाडं मोठ्या प्रमाणात मेली, आणि १७२१ नंतर वसाहतींतल्या लाकडावरचं आयात शुल्क उठल्यावर महोगनीने घरं भरली.

याच संग्रहालयाच्या संग्रहात गोव्याची सतराव्या शतकातली कपाटंही आहेत. सागवानावर एबनीची, म्हणजे काळ्या आबनुसाची, एकमेकांना छेदणारी वर्तुळं आणि हस्तिदंताचे ठिपके. तिथे करवतीची चलाखी नाही, बेधडक भूमिती आहे, आणि दहा पावलांवरूनही ती ओळखू येते. दोन्हींत मला निवडायला सांगाल तर घरात गोव्याचं कपाट ठेवीन आणि घड्याळ मात्र लंडनचं.

जाणाऱ्यांसाठी: कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, तेव्हा शाळांच्या सहली नसतात. घड्याळाच्या दारासमोर सरळ उभं न राहता थोडं बाजूने, तिरकं बघा. वाळून उचललं गेलेलं विनियर आणि नंतर कुणीतरी भरलेले तुकडे तसेच दिसतात. दागिन्यांचं दालन आम्ही शेवटी पाहिलं, धावतपळत.